उजवा कौल

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

तुळशीचं लग्न लागलं. चौदाव्या मजल्यावरच्या एवढ्याशा गॅलरीत आईने ऊस, चिंचा, आवळे असा सगळा थाट मांडला होता. मंगलाष्टकं मोबाइलवर. अंतरपाट धरायला मी आणि वरद. वरद म्हणाला, "ताई, पुढच्या वर्षी पाटावर मी." आई हसली. नील गेल्यापासून ती पहिल्यांदा अशी तोंडभर हसली.

आणि मी आत जाऊन मोरीचं दार लावून रडले. आता लिहूनच काढते, कारण बोलायला या घरात कुणी नाही.

बाबा गेले शेहेचाळीसाव्या वर्षी. काका पन्नाशीच्या आत. दोघांनाही आतड्याचा कॅन्सर. आमच्या घरात त्याला 'मोठो आजार' म्हणतात, नाव घेत नाहीत. संपात उपास काढले, गिरणीत तंतू खाल्ले, म्हणून झाला, हे मी लहानपणापासून ऐकत आले. बरं, मग नील? काकांचा मुलगा. त्याने कुठली गिरणी पाहिली? एसीत बसून नोकरी करायचा. सदतीसाव्या वर्षी तोच आजार, आणि पाच महिन्यांत खलास. जाण्याआधी त्याच्या रक्ताची जनुकीय तपासणी झाली होती. एका जनुकात एक अक्षर बदललेलं निघालं. मग मी आणि वरदनेही रक्त दिलं.

माझ्यात तो बदल नाही. वरदमध्ये आहे.

रिपोर्टवर पुढे छापलंय, 'महत्त्व अनिश्चित'. म्हणजे हे अक्षर बदलल्याने काही बिघडतं की नाही, जगात कुणालाच ठाऊक नाही. पोटाचे डॉक्टर म्हणाले, अनिश्चित असलं तरी घराण्याचा इतिहास बघता कोलोनोस्कोपी, म्हणजे नळी घालून आतड्याची तपासणी, करून टाका. पंचवीस नोव्हेंबरची तारीख दिली आहे. आणि तीस नोव्हेंबरला त्याचा साखरपुडा.

गंमत ही की तो बिघाड मोजणं हाच माझा धंदा आहे. परळच्या लॅबमध्ये रोज दुसरं काय करते मी?

बुधवार, ५ नोव्हेंबर

वरदला सांगितलं, मी तुझं ते अक्षर मोजणार. तो दादरला क्लासमध्ये गणित शिकवतो, त्याला सोप्यात सांगावं लागलं. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते. ती लिहून काढणारं एन्झाइम, म्हणजे एक प्रोटीनच, ते पॉलिमरेज. ते हुशार असतं. चुकीचं अक्षर पडलं की एक पाऊल मागे येतं, ते काढतं आणि बरोबर अक्षर बसवतं. त्याचं ते मागे येणं बिघडलं की चुका साठत जातात, आणि त्यातून गाठ. तुझं ते अक्षर या एन्झाइमच्याच जनुकातलं.

"म्हणजे माझ्या क्लासमधली पोरं," वरद म्हणाला. "लिहितात धडाधड, परत वाचत नाहीत. पण तू हे बघणार कसं? दिसतं का ते?"

दिसत नाही. वजन करायचं. चारही अक्षरांची वजनं वेगवेगळी असतात. शेवटचं अक्षर मुद्दाम चुकीचं ठेवलेला डीएनएचा तुकडा एन्झाइमला द्यायचा आणि नंतर मास स्पेक्ट्रोमीटरवर तोलायचा. आमच्या मांडणीत चूक तशीच राहिली तर आलेखावरचं शिखर डावीकडे येतं, दुरुस्त झाली तर वजन वाढतं आणि शिखर उजवीकडे सरकतं.

"ताई, मग तू पण आमच्या नाक्यावरच्या वाण्यासारखीच. तराजू घेऊन बसलेली."

आमच्या लॅबचे प्रमुख हेमचंद्र सर, त्यांच्याकडे गेले. बिघाड मोजायच्या प्रोटीनांची आमची यादी चालूच असते, त्यात हे एक घालू का विचारलं. सर म्हणाले घाल. कुणाचं आहे ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काम माझ्या हातून काढून घेतलं असतं. घरच्या माणसाचं आपण मोजायचं नाही हा त्यांचा नियम. दुसरा नियम, इथला आकडा पेशंटच्या घरी जाता कामा नये. "आपण डॉक्टर नव्हे, आपण वजन करतो," हे त्यांचं पेटंट वाक्य.

नियम बरोबरच आहेत. पण भाऊ माझा आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर

राधा जेवायला आली होती. गिरगावची मुलगी, शाळेत शिक्षिका, बोलायला एकदम खणखणीत. मला आवडते. आईला तर इतकी आवडते की सुरमईचा मधला तुकडा तिच्या ताटात, आणि शेपूट मला.

वरदने मात्र अर्धी सुरमई तशीच टाकली. वरदने! मी म्हटलं, "काय रे, उपास सोडतोयस की धरतोयस?" तो म्हणाला, "सूट शिवायला दिलाय, बारीक व्हायचंय." राधा म्हणाली, "बारीक झालाच आहे तो, पट्ट्याला नवीन भोक पाडलंय." प्रेमात माणसं वेडी होतात ती अशी.

ती गेल्यावर आईने दार लावलं आणि आम्हा दोघांना बसवलं. राधाचा सख्खा मामा त्याच हॉस्पिटलात बिलिंगला आहे. पंचवीस तारखेला वरदचं नाव तिथे लागलं, की सव्वीसला गिरगावात बोभाटा. घराण्यात मोठा आजार आहे हे आम्ही त्यांना सांगितलेलं नाही. बाबांचं 'पोटाचं दुखणं' सांगितलंय, काकांचं तर नावच काढलं नाही.

"दुसऱ्या हॉस्पिटलात करू," मी म्हटलं.

"आणि काय निघाला तर? साखरपुडो मोडूचो? आधी बघ गो तुझ्या मशीनवर. काय नसला तर कित्याक त्या नळये घालून घेवक होये?"

मी म्हटलं, पंचवीस तारखेच्या आत सांगते.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

वरदच्या अक्षराचं प्रोटीन शुद्ध केलं. बॅक्टेरियात वाढवायचं, बॅक्टेरिया फोडायचे आणि त्यांच्या स्वतःच्या हजार प्रोटीनांतून आपलं तेवढं वेगळं काढायचं. तीन कॉलममधून गाळायचं असतं. तिसऱ्याला अजून तीन दिवस गेले असते, आणि मशीन सोमवार-मंगळवारपुरतंच माझ्याकडे आहे. दोन कॉलमनंतर जेलवर टाकून बघितलं तर एकच पट्टा, लख्ख, म्हणजे एकच प्रोटीन. पुरे झालं.

खरं तर हे सुचित्राचं खातं. ती माझ्याबरोबरच लागली, पण शुद्धीकरणात तिचा हात कुणी धरणार नाही. ती रजेवर आहे. नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली सोडून संक्रमण शिबिरात सामान हलवतेय. ती असती तर नळ्यांना नंबर तिनेच लावले असते, म्हणजे मोजणाऱ्याला कुठली नळी कुठली ते कळत नाही. आमच्याकडे तशीच पद्धत आहे. आणि तिने 'मेलेलं' लाव म्हणून डोकं खाल्लं असतं. मेलेलं म्हणजे ज्याची दुरुस्तीची शक्ती आम्ही मुद्दाम तोडलेली आहे ते प्रोटीन. तेही त्याच दिवशी, त्याच पद्धतीने गाळून शेजारी ठेवायचं आणि त्याची चूक तशीच राहते ना हे बघायचं, हे सुचित्राचं सोवळं. नंतर लावीन. मेलेलं काय दुरुस्त करणार आहे?

नंबर मीच लावले.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

उजवीकडे! उजवीकडे, उजवीकडे! तिन्ही वेळा. डावीकडे नावाला उंचवटा, बाकी सगळं शिखर उजव्या बाजूला, निरोगी प्रोटीनच्या अगदी शेजारी शेजारी. वरदचं एन्झाइम मागे येतंय, चूक काढतंय, ठणठणीत आहे. मी मशीनच्या खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन सांगितलं. वरद भिंतीला टेकून बसला. मग म्हणाला, "नक्की ना, ताई?" मी म्हटलं, "अरे, तीनदा मोजलंय." त्याने माझ्यासमोरच फोन लावून तारीख रद्द केली. मी नको म्हटलं नाही. खरं तर मीच म्हटलं की सावकाश कर, लग्नानंतर बघू.

आईला शिखरं दाखवली. तिने फोन डोळ्यांजवळ नेला. "उजवो दिलान?" तिच्या लेखी हा गावच्या रामेश्वराचा कौल. पाषाणाला पाकळ्या लावायच्या, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मग म्हणाली, "आणि पाकळये कोणी लायले?"

"मीच, आणि कोण?"

"तुयाच? आपल्या घरचो कौल आपण लावूक नाय गो. गुरव लायता. आपलो हात थरथरता." आणि आत जाऊन देवापुढे साखर ठेवली. मी वरदकडे बघून डोळा मारला. एवढी टॉवरमध्ये राहायला आली, पण गाव काही सुटत नाही तिचं.

रविवार, ३० नोव्हेंबर

साखरपुडा झाला. सूट ढगळ झाला त्याला, शिंप्याने माप चुकवलं वाटतं. फोटोंच्या वेळी तीनदा खुर्चीत बसला. राधाच्या मामाने मला विचारलं, "तुमचे वडील लवकर गेले ना? काय झालं होतं?" मी म्हटलं, "पोटाचं." खोटं नाही ते.

गुरुवार, १८ डिसेंबर

वरदला अशक्तपणा आहे. क्लास सुटल्यावर जिना चढताना धाप लागते म्हणाला. लग्नाची धावपळ, बाहेरचं खाणं, दुसरं काय. मी त्याला लोहाच्या गोळ्या आणून दिल्या. आई म्हणते, "तेच्या तोंडाकडे बघ जरा." रोज बघते की. दमलेला दिसतो.

मंगळवार, २७ जानेवारी २०२६

हे लिहायलाच हवं.

पेपरासाठी आकडे जमवताना सुचित्राने विचारलं, यादीतल्या त्या नव्या प्रोटीनचं मेलेलं कुठाय? मी म्हटलं, केलं नाही. माझ्या वहीतून माझीच पद्धत उचलून, दोनच कॉलम लावून, तिने मेलेलं गाळलं आणि मोजलं. आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो कागद माझ्या डब्याशेजारी ठेवला.

शिखर उजवीकडे. मेलेल्याचं.

"हे दुरुस्त करूच शकत नाही, नूपुर. मीच तोडलंय ते."

"मग?"

"मग दुसरं कुणीतरी करतंय. बॅक्टेरियाचं स्वतःचं एन्झाइम मागे राहिलंय. चुकीची टोकं कातरणारं. जेलवर दिसत नाही इतकं थोडं, पण तेवढं पुरतं. तिसऱ्या कॉलमला ते निघून जातं. तू तिसरा लावला नव्हतास."

मी तिच्यावर ओरडले. काय काय बोलले देवाला ठाऊक. तुझं सोवळं तुझ्याजवळ ठेव म्हणाले, संक्रमण शिबिरात राहून डोकं फिरलंय म्हणाले. मग तिने विचारलं, "नंबर कुणी लावले होते?"

"मीच."

"आणि मोजलं?"

"मीच."

"कुणाचं आहे हे?"

मी डबा बंद केला आणि उठले. ती मागे आली नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

तिसऱ्या कॉलममधून काढलं. सुचित्राने नंबर लावले, न विचारता. वरदचं शिखर डावीकडे. मेलेल्याच्या शेजारी.

एकदा मोजून काही सिद्ध होत नाही. परत करायला हवं.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

परत डावीकडे. डीएनएचा तुकडाच जुना असेल का? नवा मागवलाय, सोमवारी येईल. कच्च्या आकड्यावर कुणाच्या आयुष्यात खळबळ उडवायची नाही, असं सर उगीच म्हणत नाहीत. घरी पत्रिका छापून आल्यात. आई त्यांना हळदीकुंकवाची बोटं लावत बसली होती. वरद झोपलेला. हल्ली सारखा झोपतो.

सोमवार, ९ फेब्रुवारी

नव्या तुकड्यानेही डावीकडेच.

सुचित्रा म्हणाली, "आता अजून किती वेळा?" मी म्हटलं, एकदाच. ती म्हणाली, "नोव्हेंबरात उजवीकडे आलं तेव्हा तीन वेळा पुरल्या होत्या ना तुला?"

मला तिला एक थोबाडीत द्यावीशी वाटली. इतकी खरी होती ती.

वरदचं पोट दुखतंय, उलटी झाली. राधाबरोबर रगडा खाल्ला होता म्हणे. आज बिचारा हैराण आहे, आज कसं सांगू? बुधवारी सांगते. बुधवारी त्याचा क्लास नसतो.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

बुधवारी पहाटे त्याचं पोट ढोलासारखं फुगलं. उभा राहीना. शेजारच्या लक्ष्मीवहिनींच्या गाडीतून हॉस्पिटलात नेला, त्याच, राधाच्या मामाच्या. गाठीने आतडं बंद केलं होतं. दुपारी ऑपरेशन झालं, आतड्याचा तुकडा काढला, पोटावर पिशवी लावली आहे. यकृतावरही डाग आहेत, बरेच.

आई बाकावर बसून आहे. रडत नाही. मी पाणी दिलं तर म्हणाली, "माका म्हायत होता." कधीपासून, ते विचारायचा धीर झाला नाही.

शनिवार, १४ फेब्रुवारी

सर्जनना गाठून विचारलं. नोव्हेंबरात तपासणी झाली असती तर? ते म्हणाले, तेव्हाही गाठ असणारच. यकृतात तेव्हा गेली होती की नाही, ते कुणीच सांगू शकणार नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही यात काम करता ना? मग तुम्हाला कळतं." अशा बिघाडातल्या गाठींना नवी औषधं कधीकधी लागू पडतात, बघू, असंही म्हणाले. ते 'बघू' मी घट्ट धरून ठेवलंय.

सोमवार, १६ फेब्रुवारी

सकाळी सरांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आधी भावाकडे जा. माझ्याशी नंतर बोल."

गेले. वरद जागा होता. नाकातली नळी काढलेली, ओठ सुकलेले. मी खुर्ची ओढली आणि सरळ सांगून टाकलं. माझं मोजणं चुकलं होतं, नळीत भलतंच काहीतरी होतं, तुझं एन्झाइम चुका दुरुस्त करत नाही, कधीच करत नव्हतं. तो छताकडे बघत होता. क्लासमध्ये पोरांचं गणित चुकलं की तो असाच गप्प राहतो, त्यांना स्वतःला सापडेपर्यंत.

"कधी कळलं तुला?"

तोंड उघडलं तेव्हा मी खरंच सांगणार होते. आईशपथ. म्हणाले, "परवा."

"अच्छा," तो म्हणाला. "मग तू तरी काय करणार होतीस." आणि माझा हात हातात घेतला. अंगात ताकद नसताना.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

राधा आली. तिला सगळं कळलंय. मामाने फायली बघितल्या असणार, नाहीतर आईने सांगितलं असेल. बाबांचं, काकांचं, नीलचं, रद्द केलेल्या तारखेचंही. मला वाटलं ही अंगठी काढून ठेवायला आली. ती पर्स टेबलावर आपटून वरदसमोर उभी राहिली आणि तिने त्याला असा झापला की पलीकडच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले.

"लपवलंत ते लपवलंत. ते नंतर बघते मी. पण डॉक्टरांनी तारीख दिली होती ना? घरात शास्त्रज्ञ बहीण बसलीये, आणि तू तारीख रद्द करतोस? का?"

मी उठले. आता बोलायचं असं ठरवूनच उठले होते.

वरद माझ्याकडे न बघता म्हणाला, "घाबरलो मी. ताई सांगत होती जा म्हणून. मीच ऐकलं नाही."

राधाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही तरी कान धरून न्यायचा होतात ना याला."

"चुकलं माझं," मी म्हणाले. "माझ्यामुळे झालं हे."

"असं नका हो म्हणू." तिने मला जवळ घेतलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "तुम्ही काय कमी केलंत का त्याच्यासाठी?"

वरदने डोळे मिटून घेतले होते. राधाने थर्मासमधला चहा काढून आधी मला दिला, आणि मी तो प्यायले.